मशीद नाक्याची पाटी

मांडवखाडी,
दि. १३ डिसेंबर १९९२

ती. देविदास भियास,
प्रेमदासचा पाया पडून नमस्कार, वि. वि.

मी इथं धडधाकट आहे, हे आधी लिवतो. रेडिओ ऐकून याडीच्या जिवाला घोर लागला असंल, आईचंच काळीज ते. तिला एवढंच वाचून दाखवा आणि पुढचं मनात वाचा.

सडकेचं काम संपल्यावर आपली मजुरांची टोळी तिकडं परत आली अन् मी इथंच राहिलो, "देवाच्या जागेवर राखणदार आहे" एवढंच तुमाला कळवलं होतं. ती जागा कुण्या देवाची ते लिवलं नव्हतं, कारण मलाच नीट समजलं नव्हतं. ही ज्यू लोकांची प्रार्थनेची जागा आहे. माणसं कोकणातलीच, बोलणं मराठी, म्हाताऱ्या बाया लुगडं नेसतात, आडनावं मांडवकर, नवघरकर अशी. फार जुन्या काळी त्यांची गलबतं या किनाऱ्याला फुटली आणि वाचले ते इथंच राहिले, असं सांगतात.

आत मूर्ती न्हाई. पश्चिमेच्या भिंतीला लाकडी कपाट, त्याला मखमली पडदा. कपाटात चामड्यावर हातानं लिवलेला त्यांचा धर्मग्रंथ आहे, गुंडाळी करून ठेवलेला, वर चांदीचे घुंगरू. दहा बाप्ये जमल्याशिवाय तो बाहेर निघत न्हाई. अगोदर दोनशे घरं होती म्हणे, आता अकरा उरली. बाकीचे इस्रायलला गेले. झाडलोट, दिवाबत्ती, प्रार्थना सगळं पाहणारे एझ्रा मामा शनिवारी सकाळी फाटकाशी उभे राहतात अन् येणारी माणसं मनातल्या मनात मोजतात. बोटानं मोजत न्हाईत. नऊ झाली की रस्त्याकडं बघत बसतात. शुक्रवारी दिवस मावळला की ते लोक विजेच्या बटणाला हात लावत न्हाईत, ते काम माझं. आत जाताना डोक्यावर टोपी घालावी लागते, तीही मामांनी मला दिली आहे.

आता खरी तकलीफ लिवतो. या जागेला सगळं गाव "मशीद" म्हणतं. ते ज्यू लोक स्वतःही पूर्वापार मशीदच म्हणत आले. एस.टी.चा थांबा "मशीद नाका" आहे. खरी मुसलमानांची मशीद खाडीच्या अंगाला, इथून पाव कोस लांब. आजवर कुणाचं काही अडलं न्हाई. पण सहा तारखेला अयोध्येतली मशीद पडल्यापासून बाहेरगावची पोरं मोटारसायकलवर फिरून राहिली. गुरुवारी दुपारी फाटकावर दगड आला. मामांनी तो उचलून तुळशीच्या कुंडीसारखी एक कुंडी आहे तिच्या बाजूला ठेवला अन् अंगण झाडायला लागले. मी मात्र त्या दिवसापासून मोटारसायकलचा आवाज आला की फाटकाचं कुलूप ओढून बघतो.

समोरच्या गल्लीत कासमभाई शिंपी राहतात. आतला मखमली पडदा त्यांनीच शिवलेला. तेही दोन दिवस मशीन चालवून न्हाई राहिले.

शिलाला सांभाळा, बायको पोटुशी असून मी इथं आहे. माया आहेच, ती पत्रातूनही येऊ द्या.

तुमचा,
प्रेमदास

साखरा तांडा,
दि. २२ डिसेंबर १९९२

चि. प्रेमदास यास,
देविदासचे अनेक आशीर्वाद. जय सेवालाल.

तुझं पत्र काल मिळालं. शाळेत तू प्रार्थनेला एकदाही वेळेवर आला नाहीस आणि आता प्रार्थनेच्या दारातच मुक्काम ठोकलास, हे वाचून आधी हसू आलं. मग हसू राहिलं नाही.

याडीला वरचा परिच्छेद तेवढा वाचून दाखवला. ती बराच वेळ कागदाकडे बघत होती. तिला अक्षर येत नाही, पण कागद भरलेला आहे आणि मी वाचलं थोडंसं, हे तिच्या लक्षात आलं.

इकडेही वातावरण चांगलं नाही. हिंगोलीला जीपा दोन दिवस बंद होत्या. परवा आपल्या इथल्या गोरेगावच्या बाजारात मी आणि शिला तूर घेऊन गेलो होतो. परत आलेल्या तुझ्या टोळीतल्या कुणी काय सांगितलं देव जाणे. पण अडत्याच्या दुकानापाशी चौघांनी मला अडवलं आणि विचारलं, की मास्तर, तुमचा भाऊ मशिदीत राहतो आणि टोपी घालतो हे खरं का. मी सांगितलं की ती ज्यूंची जागा आहे. त्यांनी विचारलं ज्यू म्हणजे कोण. मी शाळेत इतिहास शिकवतो, पण त्या चौघांच्या मध्ये उभं राहून मला एक वाक्य धड जमलं नाही. शिलानं माझी बाही ओढली म्हणून आम्ही निघालो. येताना जीपमध्ये आमच्या शेजारी कुणी बसलं नाही.

तांड्याच्या नायकांनी, गुलाबसिंगांनी, काल निरोप पाठवला, की एकदा पंचांसमोर येऊन खुलासा करा. त्यांचं बोलणं गोड होतं. मला ते गोड बोलणंच जास्त लागलं.

शिलाला आठवा महिना लागला आहे, तुला ठाऊक आहे. तू सरळ निघून ये. आणि यायचं नसेल तर निदान त्या लोकांना सांगून फाटकावर मोठी पाटी लावून घे, की ही मशीद नव्हे. एवढं केलंस तरी आम्हाला झोप येईल.

पत्राची वाट पाहतो. तुझ्यावरचा जीव तोच आहे, काळजी तेवढी वाढली.

तुझा,
देविदास

मांडवखाडी,
दि. २९ डिसेंबर १९९२

ती. भियास,
प्रेमदासचा नमस्कार, वि. वि.

पत्र पावलं. बाजारातलं वाचून मला लाज वाटली. मी इथं टोपी घातली अन् मार तिकडं तुमच्या डोक्यावर.

इथं आत्ताच दिव्यांचा सण झाला, हनुका म्हणतात. आठ दिवस रोज एक दिवा वाढवत जायचा. दरसाल ते दिवे रस्त्यावरच्या खिडकीत ठेवतात, लोकांना दिसावेत म्हणूनच ते असतात. यंदा त्या लोकांच्या कमिटीनं ठरवलं की आतल्या खोलीत लावायचे अन् खिडकीला गोधडी टांगायची. एझ्रा मामांनी दिवे लावले, प्रार्थना म्हटली, पण खिडकीकडं पाठ करून. पन्नास वर्षांत असं पहिल्यांदा झालं, म्हणाले. एक म्हातारी बाई गोधडीचा कोपरा सारखा ओढून बघत होती, उजेड बाहेर जातो का म्हणून.

पाटीचं तुमी लिवलं अन् इथंही तेच निघालं. रविवारी कमिटी बसली. मी दाराशी उभा होतो. नवघरकर साहेब पोस्टातून रिटायर झालेले, ते म्हणाले की मोठ्या अक्षरात लिहू: हे ज्यूंचे प्रार्थनामंदिर आहे, ही मशीद नाही. सगळ्यांनी मान हलवली. मामांनी तेवढी हलवली न्हाई. मग विचारल्यावर म्हणाले, "ही पाटी लावणं म्हणजे आपलं दार झाकून कासमचं दार दाखवणं आहे." नवघरकर साहेबांचे डोळे भरले, पण ते म्हणाले की माझ्या घरात तीन नातवंडं आहेत एझ्रा, मी काय करू.

पाटी लागली, भिया. रंगाऱ्यानं लिवली, मी शिडी धरली. खरं सांगतो, शेवटचा खिळा बसला तेव्हा मला बरं वाटलं. रात्री झोपही लागली. समोरून कासमभाई आले, त्यांनी पाटी वाचली, मला सलाम केला अन् घरात गेले. त्यांनी वाचताना मी दुसरीकडं पाहिलं.

आता निघून येणं व्हत न्हाई. अकरा घरांत धडधाकट बाप्या फारसा उरला न्हाई. मी गेलो तर फाटकाशी मामाच उभे राहतील. शिलाला तुमीच समजावा.

याडीच्या पायांवर डोकं ठेवतो. तुमचा लोभ कमी व्हायला नको.

तुमचा,
प्रेमदास

साखरा तांडा,
ता. ६ जानेवारी ९३

यांना शिलाचा वाकून नमस्कार.

देविदास दादांनी कागद दिला, पण मी माझ्या हातानंच लिवून राहिले. चुकलं तर हसू नका, सातवीच झाली आहे.

काल नायकाच्या ओट्यावर पंच बसले होते. दादांनी तुमचं पाटीचं पत्र तिथं वाचलं. लोकांना जरा पटलं. मग एकानं विचारलं की आत देव कोणता. दादा म्हणाले, मूर्ती न्हाई, पुस्तक आहे. तिथंच बिघडलं. मूर्ती न्हाई, पुस्तक आहे, पश्चिमेला तोंड आहे, टोपी आहे, मग वेगळं काय राहिलं, असं ते म्हणून राहिले. नायक म्हणाले की प्रेमदास स्वतः येऊन सांगत न्हाई तोवर पोराच्या बारशाला तांड्यातून कुणी येईल असं समजू नका.

मला बारशाचं काही न्हाई. मला भीती निराळीच आहे. विहिरीवर बाया माझ्याशी बोलतात पण मी घागर उचलली की मागं हळू आवाजात काही बोलतात. मागं वळून बघावं तर सगळ्या गप्प. लेकरू पोटात फिरतं तेव्हा वाटतं तेही घाबरून राहिलं.

तुमी काहून येत न्हाई? ते लोक तुमचे कोण? मामा चांगले असतील, पण मी कोणाच्या तोंडाकडं बघू?

मी रागानं लिवलं असं समजू नका. मला तुमी पाहिजे.

तुमची,
शिला

साखरा तांडा,
दि. २१ जानेवारी १९९३

चि. प्रेमदास यास आशीर्वाद.

तीन आठवडे झाले, तुझा कागद नाही. रोज मी शाळा सुटल्यावर गोरेगावला पोस्टात जातो. पोस्टमास्तर आता मला लांबूनच हातानं नाही म्हणतात, आत येऊ देत नाहीत. मुंबईकडच्या बातम्या ऐकवत नाहीत. मी रेडिओ शाळेत नेऊन ठेवला, तर याडी दुसऱ्याच्या ओट्यावर जाऊन ऐकते. तिला मराठी बातम्यांतलं निम्मं समजत नाही. ती फक्त गावांची नावं ऐकते. तुझ्या गावाचं नाव आलं नाही की उठते.

तार केली, उत्तर नाही. मी स्वतः येणार होतो, पण शिलाचे दिवस भरत आले आणि घरात दुसरा पुरुष नाही. ती दोन घास खाते आणि दाराशी जाऊन बसते. अनुसयाबाई सुईण म्हणाली की हिला असं ठेवू नका.

मी पाटी लाव म्हणून लिहिलं होतं, ते मनातून जात नाही. पाटी लावली म्हणूनच काही झालं की काय, असं उगाच वाटत राहतं. एक ओळ लिही. दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलीस तरी चालेल.

तुझा,
देविदास

मांडवखाडी,
दि. २४ जानेवारी १९९३

ती. भियास,
प्रेमदासचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी जिता आहे. हातपाय शाबूत आहेत. संचारबंदी होती, पोस्ट बंद होतं, तुमची तार काल मिळाली. शिलाचं पत्रही कालच मिळालं. ते खिशात ठेवून हे लिवतो. आता जे झालं ते सगळं सांगतो. घरात काय वाचायचं ते तुमीच ठरवा.

अकरा तारीख, सोमवार. सकाळीच मुंबईच्या बातम्या ऐकून मामा मला काही न सांगता समोरच्या गल्लीत गेले अन् कासमभाईंचं सगळं घर घेऊन आले. त्यांची आई, बायको, दोघं भाऊ, पाच लेकरं. बायका अन् लेकरांना वर माडीवर बसवलं, त्यांच्या प्रार्थनेला बाया तिथंच बसतात. कमिटीला विचारलं न्हाई. नवघरकर साहेब थोड्या वेळानं आले, वर पाहिलं, खाली पाहिलं अन् टोपी घालून मामांच्या शेजारी बसले. आणखी चौघं म्हातारे आले.

दुपारी दीडच्या सुमाराला हमरस्त्याकडून साठ-सत्तर माणसं आली. इथलं कुणी दिसलं न्हाई. नाक्यावर त्यांनी रिक्षावाल्याला मशीद कुठं म्हणून विचारलं अन् त्यानं सवयीनं आमच्याकडं बोट केलं. मी फाटकाच्या आत, कुलूप लावलेलं. मी फाटकाला टेकून उभा राहिलो. एकानं नाव विचारलं. सांगितलं. जात विचारली, बंजारा म्हणून सांगितली. गळ्यातला सेवालाल महाराजांचा ताईत बाहेर काढून दाखवला. मग एकानं मोठ्यानं पाटी वाचली.

तेवढ्यात आत प्रार्थना सुरू झाली. त्यांच्या इब्रानी भाषेत. मला ती आता ओळखीची आहे, पण बाहेर उभ्या माणसाला ती कशी वाटणार? एक जण ओरडला की पाटी खोटी आहे, आत नमाज चालू आहे. फाटकावर लाथा बसायला लागल्या. एका हातात बाटली होती, तोंडाला चिंधी लावलेली.

अन् आतला आवाज थांबला. भिया, तो थांबला ते दोन-चार पळच असतील, पण मला वाटलं सगळं संपलं. माडीवरून एक लेकरू रडलं. मग एझ्रा मामांनी मराठीतून सुरू केलं. या लोकांत कीर्तनाची चाल आहे, हे मला माहीत नव्हतं. समुद्र दुभंगला अन् घाबरलेली माणसं कोरड्या पायानं पलीकडं गेली, ते आख्यान. हातात टाळ नव्हते, बाकावर थाप देऊन राहिले होते. म्हातारे मागून ओळ धरायचे. त्यांच्यात तीन आवाज दमदार होते, ते कासमभाई अन् त्यांच्या भावांचे. डोक्यावर टोप्या घालून ते रांगेत बसले होते. दर ओळ ऐकायचे अन् परत म्हणायचे.

बाहेरची माणसं बावरली. एक वयस्कर माणूस चपला काढायला वाकला, मग सावध होऊन उभा राहिला. लाथा थांबल्या. पुढं असलेल्यानं मला हळू आवाजात विचारलं, "मग इथं मुसलमानांचं घर कोणतं?"

मी म्हणालो की मी इथला न्हाई, हिंगोलीकडचा आहे. हे खरंच होतं. हात मी हलवला न्हाई. पण माझे डोळे गेले, भिया. समोरच्या गल्लीतल्या कासमभाईंच्या निळ्या दाराकडं. मी नेले न्हाईत, ते गेले. त्यानं माझ्या डोळ्यांकडं पाहिलं, वळून दाराकडं पाहिलं अन् बाकीच्यांना खूण केली.

घर अर्ध्या तासात गेलं. मशीनी गेल्या. कपाटाचा मखमली पडदा नवी किनार लावायला त्यांच्याकडं दिला होता, तोही गेला. आत कीर्तन चालूच होतं, कारण मामांनी सांगितलं होतं की पोलीस येईस्तोवर कुणी थांबायचं न्हाई. कासमभाई आपलं घर जळताना ती ओळ म्हणत होते. पोलीस चार वाजता आले.

दुसऱ्या दिवशी मामांनी स्वतः शिडी लावून पाटी काढली. मला शिडी धरायला बोलावलं न्हाई. डोळ्यांचं मी कुणाला सांगितलं न्हाई, तुमालाच पहिल्यांदा लिवतो.

शिलाला सांगा, रागाचं पत्र मी कालपासून सारखं वाचतो.

तुमचा अपराधी,
प्रेमदास

साखरा तांडा,
दि. १ फेब्रुवारी १९९३

चि. प्रेमदास यास उदंड आशीर्वाद.

आधी गोड बातमी. शुक्रवारी पहाटे शिलाला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. नाक तुझं आहे, त्याला इलाज नाही.

तुझं पत्र त्याच दिवशी आलं. मी आधी एकटा वाचलं. मग शिलाला वाचून दाखवताना ते डोळ्यांचं वाक्य गाळलं. तिनं विचारलं की त्या लोकांना घर कसं कळलं. मी कागदाची घडी घालायला लागलो. ती म्हणाली सगळं वाचा, मी त्यांची बायको आहे. वाचलं. तिनं पाजता पाजता बाळाला दुसऱ्या अंगाला घेतलं. मग म्हणाली की पाटी लावा असं इथून लिहून गेलं होतं, तेव्हा मला झोप लागली होती.

मग मी ते पत्र घेऊन गुलाबसिंग नायकांकडे गेलो आणि पंचांसमोर शेवटपर्यंत वाचलं, एकही ओळ न सोडता. वाचून झाल्यावर कुणी काही विचारलं नाही. देव कोणता, हे तर कुणीच नाही. नायकांनी पत्र मागून घेतलं, त्यांना वाचता येत नाही, तरी उलटून पालटून पाहिलं आणि परत दिलं. बारशाचा दिवस त्यांनी स्वतः ठरवला आहे. तरीही अडत्याच्या दुकानावरून जाताना मी अजून रस्ता बदलतो, हे खरं ते सांगतो.

तू त्या कासमभाईंना सांग. मोठा भाऊ म्हणून आज्ञा करत नाही. पण तुझं अक्षर बघून वाटलं, की हे तू फार दिवस एकटा बाळगू शकणार नाहीस.

याडी नातीला मांडीवर घेऊन बसली आहे. रेडिओ बंद आहे. तुझ्यावर सगळ्यांची माया आहे, शिलाची थोडी जास्त.

तुझा,
देविदास

मांडवखाडी,
दि. ९ फेब्रुवारी १९९३

ती. भियास,
प्रेमदासचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

लेक झाल्याची बातमी मामांनी मला सगळ्यांना सांगायला लावली. नवघरकर साहेबांच्या नातवंडांनी तिच्यासाठी कागदाचं फूल केलं आहे, ते सोबत घातलं आहे.

रविवारी इथं मलिदा झाला. भिजवलेले पोहे, नारळ, साखर, फळं एका मोठ्या ताटात मांडतात अन् एलियाहू नबींची आठवण करून प्रार्थना म्हणतात. संकटातून सुटल्यावर करायचाच असतो. कपाटाला पडदा न्हाई, त्यावर मामांच्या वारलेल्या बायकोचं लुगडं बांधलं आहे. प्रार्थनेला बाप्ये नऊच झाले. मामा रस्त्याकडं बघत राहिले, दहावा आला न्हाई. नवघरकर साहेबांचा धाकटा मुलगा एप्रिलात इस्रायलला निघून चालला, आता तेवढेही जमणार न्हाईत. पण मलिदा सगळ्यांना वाटला. कासमभाईंचं घर मागच्या खोलीत राहतं, त्यांचीही पानं बरोबरच मांडली.

खाऊन झाल्यावर मी कासमभाईंना फाटकाशी बोलावलं अन् सांगितलं. ते जळलेल्या घराकडं बघत होते. म्हणाले, त्या दिवशी मी बसल्या जागेवरून खिडकीच्या फटीतून तुलाच बघत होतो. मी म्हणालो, मग इतके दिवस तुमी मला बोलला काहून न्हाई? ते म्हणाले, "तू डोळ्यानं घर दाखवलंस. फाटक उघडलं असतंस तर माझी लेकरं गेली असती. मी दोन्ही पाहिलं, प्रेमदास."

मला माफ केलं का, ते त्यांनी सांगितलं न्हाई अन् मीही विचारलं न्हाई. संध्याकाळी त्यांनी माझ्या फाटक्या सदऱ्याचं माप घेतलं. मशीन न्हाई, हातानंच शिवून राहिले.

बारशाला येतो. तांड्याला जे विचारायचं ते विचारू द्या, मी उत्तर देईन. बारसं झालं की शिलाला अन् लेकीला घेऊन परत इकडं येईन म्हणतो. तिची तयारी असली तर. तुमी तिला विचारा, जबरदस्ती करू नका. इथं भीती संपली असं मी तिला खोटं सांगणार न्हाई. कालच एक माणूस नाक्यावर उतरला अन् फाटकाशी येऊन एका घराचा पत्ता विचारला. साधा माणूस, हातात मिठाईचा पुडा. मी त्याला रस्ता सांगितला तो जमिनीकडं बघून. आता मला तसंच सांगता येतं.

माया ठेवा, आणि लेकीचं नाव याडीला ठेवू द्या.

तुमचा,
प्रेमदास